शहरांची वाढ आणि शेजारचें वावर

शहर वाढत असल्याची वार्ता वऱ्हाडांतील शेतकऱ्यास बहुधा जमिनीच्या भावावरून कळते. अमरावती-बडनेऱ्याच्या लगत किंवा अकोल्यास उमरी-मलकापुराकडे कापसाच्या हिशोबांत न बसणारी किंमत येऊं लागली, म्हणजे शहर आपल्या धुऱ्यापर्यंत आलें असें समजावें. अमरावती व बडनेरा एकत्र होऊन १९८३ सालीं महानगरपालिका झाली. अकोल्यास ती २००१ सालीं मिळाली व २०१६ सालीं तिच्या हद्दींत लगतचीं अनेक गांवें आलीं. जमीन विकावी कीं न विकावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें न विकणाऱ्याविषयीं.

आपली भारी काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी मुरण्याचा वेग अगदीं मंदावतो. म्हणून वरचें पाणी नाल्यानें लवकर निघून जाणें ह्यावरच पिकाचें रक्षण अवलंबून असतें. भूखंड पाडतांना पहिला बळी पुष्कळदां ह्या नाल्याचाच पडतो. तो बुजवून त्यावर मुरूम पसरतात, सडक भर घालून उंच करतात, आणि तिच्याखालीं नळ घातलाच तर तो हातभर रुंदीचा. मग सडकेच्या वरच्या अंगास तूर पाण्यांत उभी राहते व मुळांस हवा न मिळाल्यानें पिवळी पडून वाळते. पऱ्हाटीच्या पात्या गळतात. खालच्या अंगास ह्याच्या उलट. छपरांवरचें व सिमेंटच्या अंगणांतलें पाणी मुरत नाहीं. तें लोंढ्यानें येऊन धुरा फोडतें. त्याच्याबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढें जनावरांच्या पोटांत जातात, हें निराळेंच.

ह्याहून मोठी हानि नदीवाटें दूर पोहोंचते. अमरावतीचें शुद्ध न झालेलें सांडपाणी अंबा नाल्यानें पेढींत उतरतें, अकोल्याचें मोर्णेंत. आणि ह्या दोन्ही नद्या पूर्णेस मिळतात. पूर्णेकांठीं आपला खारपाणपट्टा आहे. तेथें विहीर खणली तरी खारें पाणी लागतें. अकोला जिल्ह्यांत ८४ खेड्यांच्या योजनेसाठीं वान धरणाचें गोडें पाणी आणावें लागलें. अशा मुलखांत नदी बिघडली तर शेतकऱ्यानें ओलितासाठीं कोठें जावें? घरोघरचें सांडपाणी मीठ, साबण व सोडा घेऊन येतें. त्यांतील सोडियमनें मातीचे कण विस्कटून निचरा बंद होतो, आणि खारपाणपट्ट्याच्या मातींत सोडियम आधींच अधिक आहे. सांडपाण्यांत नत्र असतें म्हणून कांहीं जण तें भाजीपाल्यास देतात. पीक हिरवेंगार दिसतें खरें. पण भाजीवर जंतांचीं अंडीं राहतात व जमीन हळूहळू चोपण होते. हा सौदा आम्हांस मंजूर नाहीं.

१३ जानेवारी २०१८ रोजीं मोर्णेंतील जलपर्णी काढण्यास सहा हजारांवर अकोलेकर पात्रांत उतरले होते. त्या श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु जलपर्णी सांडपाण्यांतील नत्र व स्फुरदावर पोसते. तें येत राहिलें तर उपटलेल्या जागीं ती पुन्हां माजते. शुद्धीकरणाशिवाय पाणी नदींत सोडूं नये, अशी मागणी पेढी-मोर्णेकांठच्या ग्रामसभांनीं ठरावानें करावी.

नाल्याच्या बाबतींत शेतकऱ्याच्या हातीं एक जुनें साधन आहे, तें फार थोड्यांस ठाऊक असतें. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, ह्याच्या कलम ५ अन्वयें शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणीं बेकायदा अडथळा केल्यास तो दूर करविण्यासाठीं तहसीलदाराकडे दावा लावतां येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तो लावला पाहिजे. रीतसर मंजुरी मिळालेल्या बांधकामास हा उपाय लागू पडत नाहीं. त्यासाठीं विकास आराखडा प्रारूप स्थितींत असतांनाच मुदतींत हरकत द्यावी. दोहोंसाठीं नाला दाखविणारा गांवनकाशा लागतो. त्याची नक्कल काढून ठेवावी, आणि शेजारीं मुरूम पडूं लागतांच तारखेसह छायाचित्रें घ्यावीं.