फ्रेंच हॉर्न

फ्रेंच हॉर्न हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील एक पितळी सुषिर वाद्य आहे. गोलाकार गुंडाळलेली लांब नळी, तिच्या एका टोकाला नरसाळ्याच्या आकाराचे छोटे मुख (माउथपीस) आणि दुसऱ्या टोकाला सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा पसरट कर्णा, अशी त्याची रचना असते. वादक डाव्या हाताच्या बोटांनी झडपा (व्हॉल्व्ह) चालवतो आणि उजवा हात कर्ण्याच्या आत ठेवतो. इतर बहुतेक पितळी वाद्यांचे कर्णे श्रोत्यांकडे रोखलेले असतात, तर हॉर्नचा कर्णा मागे वळलेला असतो. त्यामुळे त्याचा ध्वनी बहुधा भिंतीवरून परावर्तित होऊन, काहीसा मऊ आणि दूरस्थ होऊन श्रोत्यांपर्यंत पोहोचतो.

नाव

‘फ्रेंच’ हे विशेषण मुख्यतः इंग्रजीतच रूढ आहे. फ्रेंच लोक या वाद्याला ‘कोर’, इटालियन लोक ‘कोर्नो’ आणि जर्मन लोक ‘वाल्डहॉर्न’ म्हणजे ‘रानशिंग’ म्हणतात. आज सर्वत्र वापरले जाणारे दुहेरी हॉर्न जर्मनीत विकसित झाले. त्यामुळे इंटरनॅशनल हॉर्न सोसायटीने १९७१ साली नुसते ‘हॉर्न’ म्हणावे, अशी शिफारस केली. विद्यार्थ्यांचा आणखी एका नावाने घोटाळा होतो. ‘इंग्लिश हॉर्न’ हे हॉर्न नसून ओबोच्या कुळातील लाकडी वाद्य आहे.

स्वरनिर्मिती आणि चुकण्याचा धोका

झडपा नसलेले मूळ हॉर्न आपल्याकडील तुतारी वा शिंग यांच्याच तत्त्वावर वाजते. नळीची लांबी ठरलेली असल्याने तिच्यातून केवळ स्वयंभू स्वरांची एक मालिका निघते. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा गंधार हा अशाच मालिकेतील पाचवा स्वर होय. या मालिकेत खालचे स्वर एकमेकांपासून दूर असतात, पण वर जावे तसे ते दाटत जातात. मूळ स्वराला षड्ज मानले, तर आठव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या स्वरांतून जवळजवळ पूर्ण सप्तक मिळते. मात्र त्यातील काही स्वर आपल्या कानाला बेसूर वाटतात. अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो, तर तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये.

एफ पट्टीच्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरते. ट्रम्पेट साधारणपणे मालिकेतील दुसऱ्या ते आठव्या स्वरांत वावरते. हॉर्नवादकाला मात्र सोळाव्या स्वरापर्यंत नित्य जावे लागते. तेथे शेजारचा स्वर इतका जवळ असतो की ओठांचा ताण किंचित चुकला तरी भलताच स्वर लागतो किंवा स्वर ‘फुटतो’. बोटे बरोबर असूनही चूक होते, आणि ती सभागृहातील शेवटच्या रांगेलाही ऐकू जाते. हॉर्न हे वाद्यवृंदातील सर्वांत अवघड वाद्यांपैकी एक मानले जाते, ते यामुळेच. वादनाआधी स्वर मनात स्पष्ट ऐकू येणे ही वादकाची पहिली गरज असते. झडपा फक्त नळीची लांबी बदलतात, स्वर निवडावा लागतो तो ओठांनीच.

शिकारीच्या शिंगापासून दुहेरी हॉर्नपर्यंत

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शिकारीचे इशारे देण्यासाठी मोठे गोल शिंग वापरात होते. बोहेमियाचे उमराव काउंट श्पोर्क यांनी १६८० च्या सुमारास पॅरिसमध्ये ते ऐकले आणि आपल्या दोन सेवकांना ते शिकवून घेतले. पुढे दीर्घकाळ उत्तम हॉर्नवादक बोहेमियातूनच येत राहिले.

अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या आंटोन योसेफ हाम्पेल यांनी कर्ण्यात हात घालून स्वर बदलण्याचे तंत्र पद्धतशीरपणे मांडले. तळहाताने कर्णा कमीअधिक झाकला की स्वर उतरतो आणि मालिकेत नसलेले स्वरही मिळवता येतात. मात्र खुला स्वर तेजस्वी आणि झाकलेला दबका येतो. त्या काळच्या रचनाकारांनी हा भेद दोष न मानता रंग म्हणून वापरला. पट्टी बदलायची तर नळीचा जादा वेटोळा (क्रूक) काढून दुसरा बसवावा लागे, आणि त्यासाठी वादक अशा वेटोळ्यांची पेटीच सोबत बाळगत.

१८१४ च्या सुमारास हाइनरिश श्ट्योल्त्सेल यांनी झडपांची युक्ती आणली. १८१८ साली त्यांनी आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी तिचे एकस्व घेतले. तरीही कर्ण्यातला हात तेथेच राहिला. आज तो वाद्याला आधार देतो, स्वर बारकाईने चढवतो-उतरवतो, आणि कर्णा घट्ट बंद केल्यावर निघणारा धारदार, धातूचा ध्वनीही त्यामुळेच मिळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एरफुर्टच्या क्रुस्पे कारखान्यात एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात बसवण्यात आल्या. अंगठ्याच्या झडपेने क्षणात एका नळीवरून दुसरीवर जाता येते. बी-फ्लॅटची नळी सुमारे पाऊण मीटरहून अधिक आखूड असते. तिच्यावर तोच स्वर मालिकेत खालच्या क्रमांकावर येतो, शेजारचे स्वर थोडे लांब राहतात आणि धोका कमी होतो. पुष्कळ वादक मध्य सप्तकापर्यंत एफ आणि त्याच्या वर बी-फ्लॅट नळी वापरतात.

वाद्याची निवड

हॉर्नवादक एकत्र जमले की वाद्यांविषयीचा वाद ठरलेला असतो. माइन्सच्या आलेक्झांडर कंपनीचे १०३ क्रमांकाचे हॉर्न जर्मन वाद्यवृंदांचे आवडते आहे. अमेरिकेत रुंद कंठाच्या कॉन ८डी या नमुन्याने अनेक पिढ्यांचा ध्वनी घडवला. लंडनच्या पॅक्समन कंपनीने तिहेरी हॉर्नच्या विकासात मोठा वाटा उचलला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक मात्र एकेरी एफ हॉर्न आणि जुन्या धाटणीच्या जोडझडपा आजही सोडत नाहीत. त्यामुळे स्वर चुकण्याचा धोका वाढतो, पण एका स्वरातून दुसऱ्यात सरकताना येणारी सलगता त्यांना सुरक्षिततेहून मोलाची वाटते. फ्रान्समधील अरुंद नळीच्या वाद्यांची, हलक्या कंपाची, जवळजवळ गायकी अंगाची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना हा तोटा जाणवतो.

प्रमुख रचना

हॉर्नवादकाचा पाठ मोत्सार्टच्या चार कॉन्चेर्टोंपासून सुरू होतो. ते त्यांनी आपले स्नेही योसेफ लॉइटगेप यांच्यासाठी लिहिले, आणि हस्तलिखितांत त्यांची यथेच्छ थट्टाही केली. ‘पहिला’ म्हणून ओळखला जाणारा डी मेजर कॉन्चेर्टो प्रत्यक्षात शेवटचा, १७९१ सालचा असून तो अपूर्ण राहिला. त्यात स्वर फार उंच जात नाहीत. लॉइटगेप तेव्हा साठीला टेकले होते आणि वयापरत्वे ओठांची ताकद ओसरते, हे मोत्सार्ट जाणत असावेत.

बेथोव्हनने १८०० साली जोव्हान्नी पुंतो यांच्यासाठी हॉर्न सोनाटा लिहिला. पुंतो हे मूळचे बोहेमियातील यान श्टिख. ते आपल्या मालक उमरावाकडून पळून गेले, तेव्हा त्यांचे पुढचे दात पाडण्याचा हुकूम निघाला होता, अशी कथा सांगितली जाते. दात गेले की हॉर्नवादन संपते, हे त्या उमरावाला ठाऊक होते. श्टिख यांनी आपल्या आडनावाचे इटालियन रूप घेतले आणि युरोपभर कीर्ती मिळवली.

ब्राम्स यांनी बालपणी हॉर्न आपल्या वडिलांकडून शिकले होते. १८६५ साली आई गेल्यावर त्यांनी व्हायोलिन, पियानो आणि हॉर्न यांच्यासाठी त्रयी रचली. झडपांचे युग सुरू झाले असूनही ती झडपविरहित हॉर्नवर वाजवावी अशी त्यांची इच्छा होती. तिचा संथ भाग शोकगीतासारखा आहे. शूमान यांची चार हॉर्नसाठीची १८४९ ची रचना मात्र झडपांच्या नव्या सामर्थ्याचा उत्सव आहे, आणि पहिल्या वादकासाठी अजूनही दमछाक करणारी आहे.

रिखार्ड श्ट्राउस यांचे वडील फ्रान्झ हे म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदातील हॉर्नवादक होते. मुलाने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिला आणि ७८ व्या वर्षी, १९४२ साली, दुसरा हॉर्न कॉन्चेर्टो लिहिला. ब्रिटन यांच्या १९४३ च्या ‘सेरेनेड’चा आरंभ आणि शेवट एकट्या हॉर्नचा असून तो केवळ स्वयंभू स्वरांत वाजवायचा असतो. त्यातील ‘बेसूर’ स्वर मुद्दाम योजलेले आहेत.

वादकाचे जीवन

वाद्यवृंदात साधारणपणे चार हॉर्नवादक असतात. पहिला आणि तिसरा उंच स्वर सांभाळतात, दुसरा आणि चौथा खालचे. पण बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतील प्रसिद्ध एकल भाग चौथ्या हॉर्नला दिलेला आहे, त्यामुळे चौथी खुर्ची कमी प्रतीची समजू नये. लांबलचक कार्यक्रमांत पहिल्या वादकाचे ओठ थकू नयेत म्हणून त्याच्या शेजारी पाचवा सहायक बसवतात.

जुन्या रचनांच्या संहिता वेटोळ्यांच्या काळातील पट्ट्यांतच छापल्या जातात. म्हणून वादकाला डी, ई, ई-फ्लॅट अशा कोणत्याही पट्टीतील लेखन पाहताक्षणी एफमध्ये बदलून वाजवावे लागते. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली की पेटीवाल्याची जी कसोटी लागते, ती हॉर्नवादकाची रोजची असते. नोकरीच्या निवड-चाचणीत संपूर्ण कॉन्चेर्टोपेक्षा वाद्यवृंदातील छोटे उतारेच निर्णायक ठरतात. श्ट्राउस यांच्या ‘टिल ऑयलेनश्पीगल’मधील आरंभीची हाक किंवा चायकोव्हस्की यांच्या पाचव्या सिंफनीतील संथ एकल भाग यांची तयारी वर्षानुवर्षे चालते आणि निकाल काही मिनिटांत लागतो. काही वादकांना ओठांच्या स्नायूंवरील ताबा सुटण्याचा डिस्टोनिया हा विकार जडतो. त्यामुळे अनेकांचा व्यवसाय संपला आहे.

विसाव्या शतकात डेनिस ब्रेन (१९२१–१९५७) यांनी हॉर्नला एकल वाद्याचा दर्जा मिळवून दिला. त्यांचे वडील ऑब्री आणि आजोबाही हॉर्नवादक होते. कारायान यांच्यासमवेत १९५३ साली मुद्रित झालेले त्यांचे मोत्सार्ट कॉन्चेर्टो आजही प्रमाण मानले जातात. मोटारींचे त्यांना वेड होते. १ सप्टेंबर १९५७ रोजी एडिंबरोहून लंडनला परतताना मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे ३६ वर्षांचे होते. चेपलेले वाद्य पुढे दुरुस्त करून लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ठेवण्यात आले.

नंतरच्या पिढीत बॅरी टकवेल आणि हेर्मान बाउमान हे एकल वादक म्हणून गाजले. शिकागोचे फिलिप फारकस यांचे १९५६ चे पाठ्यपुस्तक अजून शिकवले जाते. सारा विलिस २००१ साली बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्यविभागातील पहिल्या महिला सदस्य झाल्या. जन्मतः हात नसलेले जर्मन वादक फेलिक्स क्लीझर हे डाव्या पायाच्या बोटांनी झडपा चालवतात. वाद्य तिवईवर बसवलेले असते, आणि कर्ण्यातल्या हाताचे काम ते ओठांच्या सूक्ष्म ताब्याने भागवतात. मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलींत महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे वाद्य प्रत्यक्ष ऐकता येते. वादन थांबताच वादक हॉर्न उलटे फिरवून नळीत साचलेले पाणी काढताना दिसतात. ही थुंकी नसून मुख्यतः श्वासातील वाफेचे पाणी असते.