केळीच्या घडामागचे हात कोण मोजणार?

१९२९ सालची गोष्ट आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. तिचे सभासद म्हणून परमपूज्य बाबासाहेब खानदेशात आले होते आणि चाळीसगाव स्टेशनवर उतरले होते. वस्तीतली माणसे त्यांना न्यायला आली, पण टांगा काही मिळेना. अस्पृश्याला टांग्यात बसवून नेणे एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हते. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला तयार नाही. मग टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर चाक अडकले, घोड्यासह टांगा नदीत कोसळला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर झालेल्या, लंडनची डी.एस्सी. मिळवलेल्या विद्वानापेक्षा टांगा हाकणारा सवर्ण स्वतःला वरचा समजत होता! बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे.

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी रस्ता होता, टांगा होता, घोडा होता, भाड्याचे पैसेही होते. साखळीतली एकच कडी तुटली होती आणि ती माणसाच्या मनातली होती. आजच्या लेखाचा विषय हीच साखळी आहे. तिला आता कॉलेजात ‘पुरवठा साखळी’ म्हणतात आणि तिच्यावर मुले संशोधन करतात.

नाव मोठे असले तरी ही वस्तू आपल्या घरातलीच आहे. रावेर-यावलच्या बागेतली केळीच घ्या. घड झाडावर हिरवा असतानाच कापावा लागतो, कारण केळी तोडल्यानंतरही पिकत राहते. कापणारा एक असतो. घड डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणणारा दुसरा असतो. चिकाचे काळे डाग कपड्यांवर पडतात ते पुन्हा निघत नाहीत, हे आपल्या माय-बहिणींना सांगायला नको. पुढे ट्रक भरणारे हमाल, मग ड्रायव्हर, मग सुमारे हजार किलोमीटरवरची दिल्लीची बाजारपेठ, तिथे माल उतरवणारे दुसरे हमाल, पिकवण्याची खोली, आणि शेवटी हातगाडीवाला. यात कुठे घड आपटला, कुठे उन्हात राहिला, तर साल काळी पडते आणि भाव उतरतो. थंडीचेही तसेच आहे. साधारण १३ अंशांच्या खाली तापमान गेले की केळी आतून बिघडते. बागेपासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत माल, पैसा आणि निरोप यांचा हा जो प्रवास, त्यालाच पुरवठा साखळी म्हणतात.

खानदेशात अशा साखळ्या पावलोपावली आहेत. जळगावच्या डाळ मिलमध्ये तूर येते आणि डाळ होऊन बाहेर जाते. तिथेच पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया तयार होतात. कापूस जिनिंगमध्ये जातो, मिरची दोंडाईचा-नंदुरबारच्या बाजारात येते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. भुसावळ तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२० च्या ऑगस्टमध्ये देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली, तेव्हा तिला जळगाव आणि भुसावळला थांबा होता. मानांकन केळीला मिळाले, गाडी केळीला मिळाली. घड उचलणाऱ्या मजुराला काय मिळाले, याचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही.

हा हिशेब मांडण्याची जागा आपल्या दारात आहे. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या १९९० साली हे विद्यापीठ उभे राहिले, त्याच साली केंद्राने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. या विद्यापीठात दरवर्षी ‘आविष्कार’ नावाची संशोधन स्पर्धा होते. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून राज्यातली विद्यापीठे तीत भाग घेतात. भाषा-मानव्यविद्या, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि औषधशास्त्र-वैद्यक असे सहा विभाग आहेत. पदवीच्या मुलांपासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना प्रवेश आहे. आपला विषय तक्त्यावर मांडायचा, परीक्षकांसमोर उभे राहून समजावून सांगायचा आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. इथे निवड झाली की पुढे राज्याची पातळी.

परदेशात या गोष्टीला किती महत्त्व आहे पाहा. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत १९९८ पासून पुरवठा साखळीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तिथले विद्यार्थी कंपन्यांचे खरे प्रश्न घेऊन संशोधन करतात आणि ते त्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांपुढे मांडतात. आपल्याकडेही विद्यार्थ्यांनी केलेले काम तक्त्यावरच न राहता कारखानदार, बाजार समिती आणि कामगार संघटना यांच्यापर्यंत जायला हवे.

आता मुख्य मुद्दा. साखळीचा अभ्यास करणारे डिझेल मोजतात, तास मोजतात, नासाडी मोजतात. उचलणारे हात मोजायचे राहून जातात. कारण अभ्यास करणाऱ्याने पोते कधी पाठीवर घेतलेले नसते. आपल्या मुलांनी बापाची सोललेली पाठ पाहिली आहे. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. आजवर आपण त्याची लाज बाळगली. ‘वडील काय करतात?’ असे मास्तरांनी विचारले की मूल खाली मान घाली. तीच गोष्ट आता त्याचे भांडवल होऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, विषय शोधायला लांब जाऊ नका. केळीचा घड बागेतून ट्रकमध्ये जाईपर्यंत किती वेळा खाली ठेवला जातो आणि पुन्हा उचलला जातो, ते मोजा. घड सुटे भरले तर किती फण्यांना मार लागतो आणि खोक्यात भरले तर किती, ते पाहा. ट्रक उशिरा आला तर हमाल किती तास बसून राहतो आणि त्या वेळेचे त्याला काही मिळते का, ते लिहा. पोत्याचे वजन किती आहे तेही नोंदवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली आहे की, प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त नसावे. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. तुमच्या गावच्या मिलमधल्या हमालांची त्याखाली नोंदणी झाली आहे का, हा सुद्धा संशोधनाचाच प्रश्न आहे. ओझे कमी झाले, थांबणे कमी झाले, तर माल कमी आपटतो. म्हणजे मजुराच्या हिताची गोष्ट मालकाच्याही फायद्याची ठरू शकते. पण हे नुसते बोलून चालणार नाही. आकडे ठेवावे लागतील.

साधने काय लागतात? एक वही, एक पेन, एक घड्याळ आणि महिनाभराची चिकाटी. रोज एकाच वेळी जा, जे दिसते तेच लिहा. आपल्याला हवे तसे आकडे फिरवू नका. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. संशोधनाचा पहिला धडा याहून वेगळा नाही. मजुराचे नाव त्याच्या परवानगीशिवाय तक्त्यावर टाकू नका. त्याची रोजी धोक्यात येता कामा नये.

आई-वडिलांनाही दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन विचारायला बसली, ‘बाबा, तुम्ही दिवसात किती पोती उचलता?’ तर ‘तुला काय करायचे, तू अभ्यास कर’ असे म्हणून उडवून लावू नका. तो अभ्यासच आहे. मुलींना स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी जायचे असेल तर अडवू नका. बागेत आणि मिरचीच्या पथारीवर बायकाच राबतात, त्यांचे हाल मुलगीच नीट विचारू शकेल. खर्चाची अडचण असेल तर समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. अटी आणि मुदत वेळेवर पाहून घ्या, अर्ज राहिला अशी वेळ येऊ देऊ नका. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून शिकलेल्या तरुणांनी मुलांचे तक्ते तपासून दिले, तरी पुष्कळ काम होईल.

शेवटी एक आठवण. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन भारतातील व्यापार. माल कुठून कुठे जात होता, याचाच तो अभ्यास. पुढे चौदा वर्षांनी त्याच विद्वानाला चाळीसगावात एक टांगा मिळेना. दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांच्या स्मृतीला वंदन करायला हजारोंनी जातो. येत्या वर्षी जाताना प्रत्येक वस्तीतल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका तरी मुलाने किंवा मुलीने ‘आविष्कार’साठी विषय ठरवून यावे. केळीच्या घडामागचे हात आपण मोजले नाहीत, तर दुसरे कोणी मोजायला येणार नाही.

जय भीम!