ओकलीच्या पालकांनी आधी ओळखलं

किनवट भागातल्या एका आईने विचारलं आहे: मुलाचे दुधाचे दात छान पांढरे होते. सातव्या वर्षी पुढचे पक्के दात आले ते खडूसारखे, आणि वर्षभरात त्यांवर तपकिरी पट्टे उमटले. दोन वेळा ब्रश करून घेते, तरी शाळेत बाई म्हणतात, 'दात घासत जा.' चुकतंय कुठे?

घासण्यात तर नक्कीच नाही. वर्णनावरून हा दातांचा फ्लुरोसिस वाटतो, म्हणजे पिण्याच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडने एनॅमलमध्ये, दाताच्या वरच्या कवचात, आलेला दोष; आणि तसं असेल तर मुलगा दोन-तीन वर्षांचा असतानाच तो होऊन गेला आहे. पुढच्या पक्क्या दातांचं एनॅमल हिरडीच्या आत जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत तयार होतं. दात बाहेर येतो सहाव्या-सातव्या वर्षी. म्हणजे आज दिसतो तो डाग जुन्या पाण्याचा. दुधाचे दात बहुधा वाचतात, कारण त्यांचं बरंचसं एनॅमल आईच्या पोटात आणि अंगावर पिण्याच्या काळात बनतं, आणि आईच्या दुधात फ्लोराइड जवळजवळ नसतंच.

आत नेमकं काय बिघडतं, ते मला फार गमतीदार वाटतं. स्लॅब टाकताना आधी सेंट्रिंग लावतात, काँक्रीट धरलं की फळ्या काढून घेतात. एनॅमलचंही तसंच आहे. दात घडवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचं सेंट्रिंग उभारतात, त्यात खनिजाचे स्फटिक वाढू लागतात, मग प्रथिनं विरघळवून बाहेर काढली जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत जातात. फ्लोराइड जास्त झालं की हे सेंट्रिंग काढण्याचं काम रेंगाळतं. फळ्या आत अडकतात आणि स्लॅब सच्छिद्र राहतो. दात उगवतो तेव्हा तो फक्त खडूसारखा दिसतो. तपकिरी रंग नंतर, चहा-अन्नातून त्या छिद्रांत झिरपतो. काम संपल्यावर दात घडवणाऱ्या पेशीही मरून जातात, त्यामुळे डागडुजीला कोणी उरत नाही. मग राखुंडी लावा नाहीतर महागडी 'व्हाइटनिंग' पेस्ट. जाहिरातीतला चमकणारा दात या पेस्टमुळे तुमच्या घरी येणार नाही.

या डागांचं कोडं सुटलं त्याचं श्रेय पुस्तकं फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला देतात. 1901 मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना थाटायला गेला आणि गावच्या लोकांचे तपकिरी दात बघून चक्रावला. लोकांची कारणं तयार होती: डुकराचं मांस फार खाल्लं, दूध निकस प्यायलं. मॅकेने पुढची तीस वर्षं या डागांपायी घालवली. मोठा चिवट माणूस. पण माझ्या मते या गोष्टीतले खरे नायक आयडाहोतल्या ओकली गावचे पालक आहेत, आणि त्यांची नावं कुठे येत नाहीत. 1923 मध्ये मॅके त्यांना भेटला. त्यांनी त्याला सरळ सांगितलं, की पाच मैलांवरच्या कोमट झऱ्यावरून गावात नळ आला आणि त्यानंतर मुलांचे दात असे येऊ लागले. मॅकेने पाणी तपासलं, त्यात काहीच सापडलं नाही. तरीही त्याने पालकांवर विश्वास ठेवला आणि नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्यायला सांगितलं. काही वर्षांत धाकट्या मुलांचे पक्के दात स्वच्छ येऊ लागले. रसायन सापडायच्या आधीच उपाय लागू पडला होता!

रसायन सापडलं 1931 मध्ये, तेही वेगळ्याच काळजीतून. अर्कान्सास राज्यात बॉक्साइट नावाचं गाव होतं, अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीने वसवलेलं. तिथल्या मुलांच्या दातांवरही डाग. अॅल्युमिनियमची भांडी विषारी असल्याची आवई तेव्हा उठलीच होती, त्यामुळे कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल धास्तावला. पाण्यात फ्लोराइड निघालं तेव्हा त्याला आधी नमुनाच दूषित वाटला. दुसरा नमुना मागवला, तरी फ्लोराइड निघालंच: लिटरला 13.7 मिलिग्रॅम. आपल्याकडे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हापशाच्या आणि खोल बोअरच्या पाण्यात ही मर्यादा ओलांडली जाते. दोष खडकातल्या खनिजांचा. अशा दातांकडे बघणारी नजर दोन टोकांना जाते. गावातल्या सगळ्याच पोरांचे दात तसे असले की ते कुणाला खटकत नाहीत. 'आमच्याकडं असेच येतात' म्हणून विषय संपतो. आणि पोरगं तालुक्याला शिकायला गेलं की तेच दात मिशरी-गुटख्याचा पुरावा ठरतात, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तर जास्तच. अगदी सौम्य पांढुरके ठिपके असले तर पालक तक्रार करत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या 2007 च्या एका अभ्यासात सौम्य फ्लुरोसिस असलेल्या मुलांचं तोंडाचं आरोग्य पालकांना उलट बरंच वाटलं होतं. तेव्हा ठिपका दिसला की घाबरायचं कारण नाही.

तपकिरी डागाकडे मात्र बघा. तो डावी-उजवीकडच्या जोडीच्या दातांवर सारखा आहे का? भावंडांना, गल्लीतल्या पोरांनाही आहे का? असेल तर पाण्यावर संशय घ्या, कारण तेच पाणी वर्षानुवर्षं पिऊन मोठ्यांची हाडं आणि सांधे धरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट थोडं आटून दाट होतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने जातं, आणि तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच शोधलेली आहे. मोठ्या मुलाचे दात दंतवैद्य नंतर झाकून देईल, त्याची घाई नाही. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर आधी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, आणि फ्लोराइडचा आकडा लेखी मागून घ्या.