औंधचे स्वराज्य आणि सेगावची मसलत

१२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झालेल्या केनियात इंग्लंडची राणीच वर्षभर राष्ट्रप्रमुख राहिली आणि १९६४ साली त्याच तारखेस जोमो केन्याटांच्या अध्यक्षतेखाली प्रजासत्ताक आले. परंतु राजसत्तेचे लोकसत्तेत रूपांतर करण्याची एक मसलत त्यापूर्वी पंचवीस वर्षे आपल्या वर्धा जिल्ह्यातच झाली होती, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपले अखत्यार रयतेच्या स्वाधीन करण्याचा संकल्प जाहीर केल्यावर, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रिडमन सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, गांधीजींकडे आले, आणि त्यांच्या सल्ल्याने सिद्ध झालेल्या मसुद्यात ग्रामपंचायत हा राज्यकारभाराचा पाया, तिच्यावर तालुका समिती आणि शिखरावर विधिमंडळ अशी रचना ठरली. मताधिकारास साक्षरतेची अट गांधीजींच्याच आग्रहाने आली. १९३९ च्या जानेवारीत ही घटना अंमलात येऊन ७२ गावांच्या त्या संस्थानात राजाची निरंकुश सत्ता संपली. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षी अप्पासाहेब भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीस रुजू झाले, आणि तेथे केन्याटांशी त्यांचा जो स्नेह जडला तो वसाहतीच्या सरकारास मुळीच रुचला नाही.