हात पोचेल तिथवर संगमरवर
जाहिरातीमागची माणसं : भाग 7

बीबी का मकबरा पाहायला आलेले पाहुणे एक वाक्य हटकून टाकतात : "ताजमहालाची नक्कल, पण स्वस्तातली." आपल्याला ते झोंबतं, पण खोटं नाही. ताजमहालावर तीन कोटींहून जास्त खर्च झाल्याचं सांगतात. मकबऱ्याचा हिशेब गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त 6,68,203 रुपये 7 आणे असा अगदी आण्यापर्यंत दिला आहे. एवढ्या पैशात सगळी इमारत संगमरवरात उभी राहणं शक्य नव्हतं. मग अताउल्ला आणि हंसपत राय या दोघा बांधणाऱ्यांनी काय केलं? भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, जिथे माणूस जवळ जाऊन हात लावणार तिथे, संगमरवर बसवला. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत आपल्याकडचा काळा बेसॉल्ट, आणि त्यावर घोटीव पांढरा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी, कारण लांबून नजर आधी तिथेच जाते.

जाहिरातीच्या छायाचित्रासाठी कपडे, वस्तू आणि मागची सजावट जमवणाऱ्याचं काम नेमकं हेच. बजेट कधीच पुरेसं नसतं. अस्सल माल कुठे लावायचा आणि गिलावा कुठे चालेल, एवढं ठरवता आलं की निम्मं काम झालं.

मुंबईत या कामाची माणसं वेगवेगळी असतात. सेटचा कलादिग्दर्शक, वस्तू आणणारा प्रॉपवाला, कपडे ठरवणारी स्टायलिस्ट, इस्त्री सांभाळणारे ड्रेसदादा. छत्रपती संभाजीनगरात बहुतेक वेळा हे सगळं एकाच माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत असतं. त्या पिशवीत सेफ्टीपिना, टाचण्या, बुलडॉग क्लिपा, दोन्हीकडून चिकटणारी टेप, सुई-दोरा, लिंट काढायचा रोलर आणि वाफेची इस्त्री असते. क्लिपांना नावं ठेवू नका. दुकानातल्या जाहिरातीत अंगाबरोबर बसलेलं जे ब्लाउज दिसतं, ते मॉडेलच्या पाठीवर तीन-चार क्लिपांनी आवळलेलं असतं.

आता या शहरात सगळ्यात जास्त ज्याचं छायाचित्रण होतं त्या वस्तूकडे येऊ : पैठणी. सोपं काम वाटतं. सुंदर साडी, सुंदर मुलगी, झालं! प्रत्यक्षात पैठणी नेसवून उभी करणं हे स्टायलिंगमधलं अवघड काम आहे, कारण साडी विकाऊ आहे आणि काम झाल्यावर ती दुकानात परत जायची आहे. तिला फॉल-बीडिंग केलेलं नसतं, त्यामुळे निऱ्यांचं टोक खाली नीट पडत नाही. ब्लाउजपीस कापता येत नाही, म्हणून ब्लाउज दुसरं शोधावं लागतं. किमतीचं लेबल तोडायचं नसतं, ते आत खोचून लपवायचं असतं. पदर जरीने जड झालेला असतो. खांद्यावर एकाच पिनेवर तोलला तर रेशीम फाटायची भीती. म्हणून आतून कापडाची छोटी पट्टी धरून, काठाची जर टाळून पिना लावाव्या लागतात. दागिने शेवटी. तोड्याची एखादी धारदार कड रेशमाचा धागा ओढून काढते आणि मग त्या साडीचं काय करायचं, हा प्रश्न उरतो.

शिवाय घडी. जरीची साडी बरेच दिवस एकाच घडीत राहिली की घडीच्या रेघेवर जर मोडते, आणि ती रेघ कॅमेऱ्यात डोळ्यांपेक्षा जास्त दिसते. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून करायची. वाफेच्या इस्त्रीतून पाण्याचा थेंब गळला तर रेशमावर डाग. खरा उपाय म्हणजे साडी आदल्या दिवशी आणून कापडाच्या ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवणं. पण लाखाच्या घरातली साडी रात्रभर बाहेर द्यायला कोणता दुकानदार तयार होतो?

रंगाची गंमत आणखी वेगळी. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कॅमेरा डावीकडून लावला तर साडी जांभळट आणि उजवीकडून लावला तर लालसर. ग्राहक फोटो बघून मागवतो आणि हातात आल्यावर म्हणतो, रंग वेगळाच आहे. त्यात त्याची चूक नाही. अशा साडीच्या जाहिरातीत निदान एक मोठी घडी अशी वळवून ठेवावी की एकाच चित्रात दोन्ही रंग दिसतील.

आणि अस्सलपणाचा पुरावा? तो पाठीला असतो. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीवर मोकळे किंवा कापलेले धागे लोंबत असतात. जाणती स्टायलिस्ट पदराचा एक कोपरा सहज पडल्यासारखा उलटून ठेवते. नेसणारीला ते कदाचित कळणार नाही, पण घेणाऱ्या सासूबाई तो कोपरा बोटांनी मोठा करून पाहतात.

हिमरूचं मात्र उलट. दिल्लीहून मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेत हलवली तेव्हा विणकर इकडे आले, अशी परंपरा सांगितली जाते. किनखाबाची ऐट कमी खर्चात देणारं हे कापड : ताणा सुती, बाणा रेशमी, आणि जादा बाण्याचे सैल धागे पाठीमागे. ती पाठ चित्रात दाखवण्यात अर्थ नाही. हिमरूची शाल जाड पडते आणि तिला ऊब आहे, म्हणून ती खांद्यावरून सरळ सोडावी, चुण्या घालू नयेत. जे कापड जसं पडतं तसं त्याला पडू द्यावं, एवढं जरी पाळलं तरी अर्धे कॅटलॉग सुधारतील.

वस्तूंबाबत माझी एक तक्रार आहे. पैठणीचं चित्र म्हटलं की पितळेची समई, तांब्याचा हंडा, झोपाळा, वाड्याचा दरवाजा आणि मोगरा हे ठरलेलं. सगळं घरगुती, सगळं ओळखीचं. पण पितळही पिवळं आणि जरही पिवळी. दोघं एकाच चित्रात चमकू लागले की जरीला कोण विचारतो? याच शहरात बिदरीकामही होतं. मूळ बिदरचं, काळ्या धातूवर चांदीची जडण. बाजूला एक बिदरी सुरई ठेवून बघा. काळा रंग प्रकाश गिळतो, चांदी थंड राहते आणि चित्रात सोनेरी फक्त साडीच उरते.

मागच्या भिंतीसाठी मकबऱ्यात जायची घाई नको. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड, दिवे आणि व्यावसायिक चित्रण यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी घुमट आला की साडी पोस्टकार्डावरच्या पर्यटकासारखी दिसते. कमरेपासून वरच्या चित्राला 8 बाय 4 फुटांच्या एक-दोन प्लाय पुरतात. त्यावर चुन्यासारखा फिका, किंचित खडबडीत रंग. नक्षी चौकटीत येईल तेवढीच. कॅमेऱ्याला दिसत नाही ते बांधू नये, हा सेटवाल्यांचा जुना नियम.

कपडे माणसाचा काळ आणि जागा कशी ठरवतात, याचं उदाहरण अजिंठ्यात आहे. 17 क्रमांकाच्या लेण्यात आरसा धरून नटणारी राजकन्या आहे. शेजारी प्रसाधनाचं तबक घेतलेली दासी, दुसरीच्या हातात चवरी. कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया हे सगळं पाहायला अजिंठ्याला गेल्या होत्या. चित्रपटात येण्याआधी त्या 'ईव्हज वीकली'साठी फॅशनची रेखाटनं काढत. लेख टंडन यांच्या 1966 च्या 'आम्रपाली'साठी त्यांनी वैजयंतीमालांचे कपडे केले ते या भित्तिचित्रांच्या आधाराने. अडचण अशी, की भिंतीवरची बाई हलत नाही आणि वैजयंतीमालांना तर नाचायचं होतं. नुसतं गुंडाळलेलं वस्त्र दुसऱ्या गिरकीला सुटतं. म्हणून दिसायला गुंडाळलेलं आणि प्रत्यक्षात शिवलेलं, असा मार्ग काढावा लागतो. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्टायलिंग शिकणाऱ्यांनी आधी 'आम्रपाली'तल्या नाचांच्या वेळी कापड कुठे अडकवलं असेल, हे थांबवून थांबवून शोधावं.

या शहरातलं सगळंच काम रेशमी नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांना माहितीपुस्तिका लागतात आणि त्यांतल्या चित्रांनाही कोणीतरी कपडे देतं. इथे चूक महागात पडते. लेथवर काम करणारा माणूस दाखवायचा, म्हणून हौशी स्टायलिस्ट त्याला चकचकीत हेल्मेट आणि नवेकोरे हातमोजे घालते. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालायचे नसतात. कापड अडकलं तर हातच ओढला जातो. अंगठी नको, घड्याळ नको, बाही लोंबती नको. गॉगल आणि सुरक्षा बूट मात्र हवेतच. खरेदीदार स्वतः अभियंता असतो. पुस्तिकेत असा हातमोजा दिसला की तो पुढचं पान वाचत नाही. अशा कामाला निघण्याआधी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दुपारच्या चहाला गाठून कपड्यांची यादी दाखवावी. हेल्मेट नवं असलं तर त्यावर थोडी धूळ बसू द्यावी, पण आतला पट्टा हनुवटीखाली बांधलेलाच असावा.

पुढच्या भागात खाण्याच्या पदार्थांची चित्रं, आणि नान खलिया कॅमेऱ्यासमोर इतका रुसून का बसतो ते.