मिठामागून पाणी

शरीरातले पाणी आणि क्षार यांच्यावर लिहायला बसले की बहुतेकांची लेखणी आधी मूत्रपिंडाकडे वळते. तिथे रोज १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवीवाटे जेमतेम दीड लिटर बाहेर पडतो. व्हॅसोप्रेसिन पाणी राखते, आल्डोस्टेरॉन सोडियम राखते. हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून इथे थांबत नाही. माझे म्हणणे असे की, या विषयातले माणसाच्या सर्वांत उपयोगी पडलेले ज्ञान आतड्यात सापडले आणि त्याचीच आज आपण सर्वांत जास्त हेळसांड करतो आहोत. आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला प्यायलेला दोनेक लिटर, उरलेला लाळेचा, जठररसाचा, पित्ताचा आणि आतड्याने स्वतः सोडलेला. शौचावाटे जाते ते शंभर-दोनशे मिलिलिटर, बाकी सगळे परत रक्तात येते. मात्र पाणी ओढून घेणारा पंप शरीरात कुठेही नाही. पंप आहे तो सोडियमचा. येन्स स्कू यांनी १९५७ साली तो दाखवून दिला. मीठ जिकडे जाईल तिकडे पाणी त्याच्या मागून जाते, एवढेच सूत्र आहे.

पण मीठ आतड्यातून आत शिरते कसे? रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले की ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियमचा हात धरूनच शिरते. पटकीचे विष आतड्यातून क्लोराइड आणि पाणी बाहेर लोटते, रुग्ण तासाला लिटरभरही द्रव गमावू शकतो. तरीही ग्लुकोज-सोडियमचे हे दार त्या विषाला बंद करता येत नाही. पटकीचे हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले होते. त्याही आधी, १९५३ साली, त्याच शहरातल्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज तोंडावाटे देऊन ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला होता. पुढे डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली ढाक्यात मोजमापांसह हेच दाखवले. आपल्याकडच्या आढाव्यांत ढाक्याला परिच्छेद मिळतो आणि कोलकात्याला एक ओळ. ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली बनगावला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनचा साठा संपत आला आणि दिलीप महालनबीस यांनी सगळा भार तोंडावाटे द्यायच्या द्रावणावर टाकला. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे, पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे आणि छावणीत पिंपांतल्या पाण्यात विरघळवायचे. पाजायचे काम रुग्णाच्या नातेवाइकांकडे. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. तोंडावाटे उपचार अडाणी माणसांच्या हाती देता येणार नाही, असे तोवर जाणकार ठासून सांगत होते. त्यांना बनगावच्या आया-बहिणींनी उत्तर दिले. महालनबीस २०२२ साली गेले आणि पद्मविभूषण त्यांना २०२३ साली, मरणोत्तर मिळाले.

बनगावच्या मिश्रणात एक उणीव होती, पोटॅशियमची. शरीरातले जवळजवळ सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते, त्यामुळे रक्त तपासून त्याची खरी तूट कळत नाही. जुलाबांत ते सतत वाहून जाते. मग पोट फुगते, आतडे मंदावते, तान्हे मूल मान धरीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली ठरवलेल्या सूत्रात ते आले. २००२ साली सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोलवर आणून द्रावण सौम्य केले, पोटॅशियम मात्र २० वर कायम ठेवले. मी या क्षाराचा पक्ष घेतो तो यासाठी. ‘सलाईन लावा’ असा हट्ट धरणाऱ्यांनी एवढे पाहावे की साध्या सलाईनच्या बाटलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, पोटॅशियमचा कणही नसतो. रुग्ण निपचित पडला असेल, पिऊ शकत नसेल, तर शिरेतून द्रव द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण हिंडताफिरता माणूस बाटली लावून घेतो तेव्हा त्याला पैसे मोजून अपुरे औषध मिळते.

काहींचा आक्षेप असा की तोंडावाटे द्यायच्या या द्रावणाने, म्हणजे जलसंजीवनीने, जुलाब थांबत नाहीत. नाहीतच थांबत. तिचे काम गेलेले भरून काढण्याचे आहे. जुलाबांचे दिवस कमी करते ते जस्त, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. दुसरे म्हणतात, मीठ एवढे वाईट, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणता, मग पाजता कसे? ती मर्यादा धडधाकट माणसाच्या ताटाची आहे, वाहून जाणाऱ्या शरीराची नव्हे. तिसरे घरच्या सरबताची बाजू घेतात, आणि त्यांच्याशी माझे भांडण सर्वांत कमी आहे. कोकणातली मीठ घातलेली पेज शास्त्राला धरूनच आहे, तांदळाचा स्टार्च आतड्यात तुटून ग्लुकोजच होतो. पाकीट हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ जरूर द्यावे. फक्त हात सैल सुटता कामा नये. साखर वाढली की ती आतड्यात पाणी उलटे खेचते आणि जुलाब वाढतात.

याच कारणाने बाजारातल्या गोड डब्यांची चीड येते. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज हे औषध, आणि शीतपेयात साखर असते शंभर ग्रॅमच्या घरात. तरी वर्षानुवर्षे अशीच गोड पेये ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवीत औषधाच्या दुकानात, औषधांच्याच फळीवर विकली गेली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती अक्षरे काढायला लावली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. बनगावनंतर चोपन्न वर्षांनी हे सांगावे लागले, याचे मला दुःख आहे.

दुकानातून पाकीट घेताना मागची बाजू वाचा. सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एक लिटर पाण्यासाठी एकूण २०.५ ग्रॅम. एवढे जुळले तरच घ्या, अख्खे पाकीट एकदम विरघळवा आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या.