जुलाब थांबल्यानंतरचा अशक्तपणा

पटकीचा किंवा तशाच एखाद्या आंतड्यांच्या रोगाचा भर ओसरतो, जुलाब थांबतात आणि घरची माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु कधीं कधीं नेमक्या याच वेळीं रोग्याला कुशीवर वळतां येईनासें होतें, लहान मुलाची मान धरत नाहीं, आणि पोट मात्र फुगूं लागतें. पोटांत अन्न नाहीं म्हणून हा अशक्तपणा, असा समज होणें स्वाभाविक आहे. वस्तुतः पुष्कळदां उणीव असते ती पोटॅशियम या द्रव्याची.

शरीरांतील सुमारें ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आंत असतें. बाहेर, रक्तांत, लिटरमागें अवघें ३.५ ते ५ मिलिमोल. आंतबाहेरच्या या तफावतीमुळेंच मज्जातंतूचा इशारा मिळतांच स्नायु आकुंचन पावूं शकतो. जुलाबांवाटें पोटॅशियम वाहून गेलें कीं हा तोल ढळतो आणि इशारा मिळूनहि स्नायु स्वस्थच राहतो. आंतड्याची भिंतहि स्नायूंचीच असल्यामुळें तीहि थंडावते. पोट फुगतें तें त्यामुळें. पुढें श्वासोच्छ्वासाचे स्नायु दुबळे होतात, हृदयाचे ठोके चुकूं लागतात, आणि गोष्ट जिवावर बेतते.

ही उणीव उशिरां कां दिसते? जुलाबांनीं रक्तांतील आम्लता वाढलेली असते तोंवर पेशींतील पोटॅशियम बाहेर येऊन तूट झांकली जाते. उपचारानें आम्लता उतरली म्हणजे तें पुन्हां आंत शिरतें आणि तूट उघडी पडते.

म्हणूनच १९४६ सालीं अमेरिकेंत डॅनियल डॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुलाबांनीं सुकलेल्या अर्भकांना द्यावयाच्या द्रावणांत पोटॅशियम घातलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ पासून पुरस्कारिलेल्या पुडींतहि लिटरभर पाण्यासाठीं १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट यांच्या जोडीला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतें. घरीं केलेल्या साखरमिठाच्या पाण्यांत तें नसतें. तेव्हां शक्य तर पुडीचेंच पाणी पाजावें. शिवाय शहाळ्याचें पाणी, केळें, वरणाचें पाणी द्यावें.

मात्र हातपाय लुळे पडले, पोट फुगलें किंवा श्वास अपुरा पडूं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्याला तत्काळ इस्पितळांत न्यावें. पोटॅशियमचें औषध आपल्या मनानें कधींहि देऊं नये. मूत्रपिंडें मंदावलेलीं असतां त्याचा अतिरेकहि हृदय बंद पाडतो. रक्त तपासून, मोजूनमापूनच तें दिलें पाहिजे. वेळेवर उपचार झाल्यास हें गेलेलें बळ बहुधा पूर्णपणें परत येतें.